दार लावता येत नाही असा वर्ग

"तुमच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा असतो?" हा प्रश्न मी वर्गात इतक्या वेळा विचारला होता की त्याची चाल मला पाठ होती. आधी हशा, मग कुजबुज, मग कुणीतरी धीर करून बोलतं आणि सत्र रंगतं. २०२० मध्ये वर्ग बंद पडले आणि घरगुती व लैंगिक हिंसा प्रतिबंधाचं आमचं प्रशिक्षण स्क्रीनवर आलं, तेव्हाही मी सुरुवात याच प्रश्नानं केली. एका मुलीनं माइक सुरू केला. "आमच्याकडे तर..." एवढंच म्हणाली आणि मागून पुरुषी आवाज आला, "कुणाशी बोलतेयस?" पुढच्या क्षणी तिची चौकट स्क्रीनवरून गेली.

इंटरनेट गेलं असेल, असं सहकाऱ्यानं मला समजावलं. असेलही. पण त्या रात्री मी सत्राचा आराखडा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं, की यातली प्रत्येक कृती एक गोष्ट गृहीत धरून बेतलेली आहे: वर्गाचं दार लावलेलं आहे, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो दाराबाहेर आहे. आता तो शेजारच्या खोलीत होता. कदाचित लॅपटॉपच्या मागेच बसलेला. भिंतींना कान असतात हे आपण उगाच म्हणतो. इथं ते कान गृहीत धरूनच सत्र बांधायला हवं होतं.

सुरुवात मी विषयाच्या नावापासून केली. कॅलेंडरच्या निमंत्रणात "घरगुती हिंसा" असं लिहिलं होतं आणि सत्राआधी दहा मिनिटं तेच शब्द सगळ्यांच्या फोनवर झळकायचे. मी ते बदलून "नाती आणि संवाद, भाग १" केलं. यावर आमच्यात चांगलंच वाजलं. सहकाऱ्याचं म्हणणं, जो विषय लपवू नका असं आपण शिकवतो तोच आपण लपवायचा? मुद्दा बिनतोड होता. तरी मी ऐकलं नाही. उघड बोलण्याची किंमत मी मोजणार नव्हते, ती मुलगी मोजणार होती.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मी पूर्वी हट्टी होते. चेहरे दिसले नाहीत तर शिकवायचं कुणाला? तो हट्ट सोडला. कॅमेरा ऐच्छिक, नाव हवं ते, नुसतं आद्याक्षरही चालेल. हेडफोन असतील तर वापरा. रेकॉर्डिंग नाही म्हणजे नाही, गैरहजर राहिलेल्यांसाठीसुद्धा नाही. उठून जावंसं वाटलं तर कारण न सांगता जा. तीन तासांचं सत्र पन्नास-पन्नास मिनिटांच्या तीन तुकड्यांत विभागलं. चॅटची सेटिंग अशी केली, की सहभागींचा संदेश फक्त आम्हा दोघांना दिसेल, आपसात खाजगी निरोप जाणार नाहीत.

मग प्रश्नच बदलले. उत्तर मोठ्यानं दिलं तरी ऐकणाऱ्याला काही कळू नये, असे प्रश्न तयार करायचे. मी एक प्रसंग स्क्रीनवर दाखवायचे, चार पर्याय द्यायचे आणि त्यांनी नुसतं "दोन" किंवा "तीन" म्हणायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं गणिताचा तास चाललाय. "तुमच्या घरात" हे शब्द कायमचे गेले; त्या जागी "या गोष्टीतल्या तिच्या घरात" आलं. माझ्या मते हा बदल प्रत्यक्ष वर्गातही आधीच व्हायला हवा होता.

चूक पोलमध्ये, म्हणजे स्क्रीनवर घेतलेल्या मतचाचणीत झाली. झूमच्या पोलला निनावी ठेवण्याची वेगळी खूण करावी लागते. ती मी केली नव्हती. सत्रानंतर अहवाल उघडला तर प्रत्येक उत्तरापुढे नाव. मी तो पुसून टाकला आणि पुढच्या सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांना तसं सांगितलं. सांगताना घाम फुटला. पण विश्वास ठेवा असं म्हणणाऱ्या माणसानं आपली चूक दडवून कसं चालेल?

आमच्यापैकी एकजण आता काहीच शिकवत नाही, फक्त चॅटवर लक्ष ठेवतो. कुणी स्वतःबद्दल काही लिहिलं तर पहिला प्रश्न "काय झालं?" हा नसतो. "आत्ता लिहिणं सुरक्षित आहे का, हो की नाही?" हा असतो. आपण होऊन फोन करायचा नाही. कधी आणि कोणत्या मार्गानं संपर्क करायचा हे तिनं किंवा त्यानं ठरवायचं. कोणती माहिती आम्हाला पुढे कळवावीच लागते, हे सत्राच्या आरंभीच सांगून टाकतो. नंतर सांगणं म्हणजे फसवणूक.

कॅनेडियन विमेन्स फाउंडेशननं एप्रिल २०२० मध्ये आणलेली मदतीची खूणही शिकवतो: तळवा कॅमेऱ्याकडे, अंगठा आत, त्यावर चार बोटं मिटायची. ती जितकी पसरते तितकी त्रास देणाऱ्यालाही कळते, म्हणून तिच्यावरच भिस्त ठेवू नका असंही सांगतो. खूण करण्यापेक्षा, ती दिसल्यावर आरडाओरडा न करणं आम्ही जास्त घोटून घेतो.

'सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र' ही आकृती अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८४ मध्ये, मार खाल्लेल्या बायकांशी बोलून तयार झाली. आठ आरे म्हणजे ताबा ठेवण्याचे आठ मार्ग, भोवती शारीरिक आणि लैंगिक हिंसेची धाव. फळ्यावर ती सुंदर दिसते. फोनच्या पडद्यावर मुंग्यांची रांग. मी एका वेळी एकच आरा दाखवायला लागले. "एकटं पाडणं" या आऱ्यावर त्या महिन्यांत सगळे गप्प व्हायचे. आधी शेवटच्या स्लाइडवर असलेला भाग, म्हणजे पासवर्ड मागणं, लोकेशनवर पाळत ठेवणं, दर तासाला फोटो पाठवायला लावणं, मी पहिल्या सत्रात आणला.

ब्रेकआउट रूम, म्हणजे सत्रातच छोट्या गटांसाठी केलेल्या वेगळ्या खोल्या, मात्र फसल्या. चार अनोळखी मुलं, विषय संमती, आणि मी तिथं नाही. एका गटात कुणीतरी अचकट विनोद केला, हे मला दोन दिवसांनी कळलं. बघ्याची भूमिका घेऊ नका हे शिकवण्याच्या सत्रात बाकीचे तिघे बघेच राहिले, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? तेव्हापासून हस्तक्षेपाचा सराव सगळ्यांसमोर, लेखी: लक्ष दुसरीकडे वळवायचं, कुणाला तरी बोलावून आणायचं, नोंद ठेवायची, नंतर विचारपूस करायची की थेट बोलायचं. बहुतेकांना थेट बोलणं म्हणजेच धैर्य वाटतं. "नंतर विचारपूस" यालाही मोल आहे, हे पटवायलाच अर्धा वेळ जातो.

एक फायदा मात्र मी कल्पनाही केली नव्हती असा. मुलगे विचारू लागले. नाव न देता प्रश्न टाकायची एक निनावी पेटी होती; एकानं तीत लिहिलं, "ती नाही म्हणाली नाही, पण हो पण म्हणाली नाही. मग?" वर्गात, मित्रांच्या देखत, हा प्रश्न मला कधीच आला नसता. ठरलेलं सगळं बाजूला ठेवून आम्ही उरलेला वेळ त्यावरच घालवला: गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, भीतीनं माणूस थिजतो, आणि शंका आली तर थांबून विचारायचं असतं. शेवटी त्याच पेटीत "मला आधी कुणी सांगितलं नव्हतं" असं आलं. त्याचंच की दुसऱ्या कुणाचं, कळायला मार्ग नव्हता.

प्रत्यक्ष वर्ग आता पुन्हा भरतात. ती निनावी पेटी मी तिथंही नेली. ऑनलाइन तुकड्या मात्र सुरूच आहेत. वर्ग सुटल्यावर बॅग आवरण्याच्या निमित्तानं रेंगाळणारी एखादी मुलगी असायची, ते स्क्रीनवर कसं आणायचं हे मला बराच काळ सुचत नव्हतं. तिथं बटण दाबलं की सगळे एकदम गायब. म्हणून सत्र संपल्याचं सांगून मी मीटिंग आणखी पंधरा मिनिटं सुरू ठेवते, कॅमेरा बंद. कुणाला बोलायचं असेल तर तिनं वेटिंग रूममधून यायचं, एका वेळी एकीनंच. बहुतेकदा कुणी येत नाही. मी पाणी पिते, नोंदी लिहिते, आणि पंधरा मिनिटं झाली की बंद करते.