रेगेन्सबुर्ग : एका गावात पाच राज्यं

रेगेन्सबुर्गच्या जुन्या टाउन हॉलमध्ये बहुतेक लोक तळघर बघायला येतात. तिथे शहराची छळकोठडी आहे, कबुलीजबाब उकळायची लाकडी यंत्रं जागच्या जागी ठेवलेली आहेत आणि मोबाइल काढून त्यांचे फोटो घ्यायला झुंबड उडते. मला बघायचं होतं ते वरच्या मजल्यावरचं दालन. आमच्या गाइडने ते भराभर उरकलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

ताई म्युनिकला राहते. तिच्याकडचे दिवस राजवाडे, बाजार आणि तिच्या मैत्रिणींकडची जेवणं यात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. रेगेन्सबुर्ग तिथून रेल्वेने दीड तासावर. डॅन्यूबच्या काठचं गाव, जुना दगडी पूल, दोन उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल. पुलाच्या तोंडाशी सॉसेजचं एक फार जुनं, छोटंसं दुकान आहे. बाहेर धूर, आत गर्दी, आणि शाकाहारी माणसाला आंबवलेला कोबी आणि पाव. आम्ही थांबलो नाही.

टाउन हॉलमध्ये आपले आपण फिरता येत नाही, गाइडबरोबरच जावं लागतं. दालन माझ्या कल्पनेपेक्षा बरंच लहान निघालं. एकही खांब नाही. १४०८च्या सुमाराचं रंगवलेलं लाकडी छत वरच्या वर तोललेलं. एका टोकाला उंचावर सम्राटाची खुर्ची, तिच्यावर छत्र. त्याखालच्या पायरीवर इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडायचा अधिकार असलेले मोजके राजे आणि आर्चबिशप. मग बाकीचे सरदार आणि धर्मगुरू. स्वतंत्र शहरांचे प्रतिनिधी थेट जमिनीवर. कुणाचा मान किती ते पायऱ्यांवरून कळायचं. मी वाकून बाकांच्या लाकडाकडे बघत होते. इतकी साधी बाकं! एवढ्या थोरामोठ्यांच्या सभेत मला मखमल अपेक्षित होती.

या खोलीचं महत्त्व असं की जर्मनी नावाचा एकसंध देश १८७१ पर्यंत नव्हताच. होतं ते पवित्र रोमन साम्राज्य, आणि त्यात तीनशेच्या आसपास लहानमोठी राज्यं. प्रशिया आणि बव्हेरियासारखी बलदंड, तशीच एखाद्या मठाची चार खेडी एवढीच हद्द असलेली. या सगळ्यांची सभा म्हणजे राइशटाग. ती आधी वेगवेगळ्या शहरांत भरायची. १६६३ मध्ये तुर्कांची स्वारी रोखायला पैसा आणि सैन्य उभं करण्यासाठी सम्राट लेओपोल्ड पहिला याने ती रेगेन्सबुर्गला बोलावली. सगळे मुद्दे काही मिटेनात, सभा काही संपेना, आणि ती इथेच कायमची बसली. पुढे राजे यायचे बंद झाले, त्यांचे वकील, म्हणजे राजदूत, येऊन राहू लागले. सम्राटाच्या वतीनेही प्रतिनिधीच बसायचा. १८०६ मध्ये साम्राज्यच बुडालं तेव्हा सभा उठली. १४३ वर्षं!

गाइड हसत म्हणाला, "दीडशे वर्षं इथे नुसत्या गप्पा झाल्या. चला, आता मजेशीर भागाकडे." आणि सगळा घोळका खाली छळकोठडीकडे. ताईने माझा दंड धरला नसता तर मी तिथेच वाद घातला असता.

गप्पाच झाल्या, मान्य. पण तलवारीच्या जागी गप्पा झाल्या, हे थोडं आहे का? १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात याच मुलखात गावंच्या गावं ओस पडली होती. त्यानंतर धर्माच्या प्रश्नावर बहुमताने निर्णय घ्यायचा नाही असा नियम झाला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आपापल्या गटात वेगळे बसत आणि समझोता होईल तेवढंच पुढे जाई. काम रखडायचं ते म्हणूनच. दुबळ्याला निदान तक्रार मांडायला जागा होती. आम्हाला त्या दालनात आणखी अर्धा तास मिळाला असता तर काय बिघडलं असतं? कुणी जाणार असाल तर एवढंच सांगते, आत शिरताना शेवटी शिरा आणि निघतानाही शेवटी निघा. आमच्या गाइडने दिवे बंद केले तेव्हा मी आतच होते.

बाहेर आल्यावर मी ताईला गावभर चालवलं, कारण खरी गंमत रस्त्यावर आहे. या एवढ्याशा गावात, एका तटबंदीच्या आत, पाच राज्यं होती. वाड्यात पाच बिऱ्हाडं असावीत तशी, फक्त इथलं प्रत्येक बिऱ्हाड स्वतंत्र आणि थेट सम्राटाला बांधील. पहिलं म्हणजे शहर. १२४५ मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसरा याने त्याला स्वायत्तता दिली आणि १५४२ मध्ये ते प्रोटेस्टंट झालं. दुसरं बिशपचं, कॅथेड्रलभोवतीचं, अर्थात कॅथलिक. तिसरं संत एमेरामचा मठ. आणि चौथं-पाचवं नीडरम्युन्स्टर आणि ओबरम्युन्स्टर, हे दोन्ही बायकांचे मठ. शेजारच्या गल्लीतल्या मठाच्या दारात शहराच्या कोतवालाचा अधिकार संपायचा.

त्या दोन मठांपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. मठाध्यक्षा ही राज्यकर्ती असायची, तिचा दर्जा राजकन्यांच्या बरोबरीचा, आणि राइशटागमध्ये तिच्या मठाला स्थान होतं. मत स्वतंत्र नव्हतं. ऱ्हाइन नदीकडच्या मठाधिपतींच्या गटाला मिळून एकच मत, त्यात या दोघींचा वाटा. तरीही सतराव्या-अठराव्या शतकात बाईच्या शिक्क्याला राज्याचा शिक्का म्हणून मान होता! मठात प्रवेश मात्र खानदानी घराण्यातल्या मुलींनाच. नीडरम्युन्स्टरचं चर्च आज कॅथेड्रलच्या पॅरिशचं, म्हणजे आसपासच्या भाविकांचं, चर्च आहे. ओबरम्युन्स्टरवर मार्च १९४५ मध्ये बॉम्ब पडले. आता तिथे मनोरा आणि पडक्या भिंती आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्या आवारात आमच्याखेरीज कुणी नव्हतं, आणि टाउन हॉलच्या तळघरातली रांग आठवून मला पुन्हा चीड आली.

पंचांगसुद्धा एक नव्हतं. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये नवं कॅलेंडर आणलं. बव्हेरियासारख्या कॅथलिक राज्यांनी ते लगेच पुढच्या वर्षी घेतलं. प्रोटेस्टंट राज्यं पोपचं कॅलेंडर नको म्हणून शतकभर दहा दिवस मागे राहिली. शेवटी १६९९ मध्ये प्रोटेस्टंट वकिलांनी याच रेगेन्सबुर्गात बसून ठरवलं आणि १७०० मध्ये त्यांनीही तारीख पुढे ढकलली. ज्या सभेत नुसत्या गप्पा झाल्या म्हणतात, तिथलंच हे काम.

योहानेस केप्लर इथेच वारला. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा हा माणूस १६३० मध्ये सम्राटाकडून थकलेला पगार वसूल करायला घोड्यावरून इथे आला, कारण इलेक्टरांची बैठक असल्याने सम्राट गावात होता. आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला गेला. पैसे मिळाले नाहीत. तटाबाहेरच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याला पुरलं, पण तीस वर्षांच्या युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि कबर उरली नाही. तो गेला ते घर मात्र आहे. अरुंद गल्लीतलं, खालच्या छताचं. तिथे उभं राहवेना.

इथवर मी या छोट्या राज्यांच्या बाजूने बोलत होते. नॉयफार्रप्लाट्झ या मोठ्या चौकात आल्यावर ताई म्हणाली, "तुझ्या स्वतंत्र शहराने इथे काय केलं ते बघ." तिला माहीत होतं. या चौकात ज्यूंची वस्ती होती. ज्यू सम्राटाच्या संरक्षणाखाली असत. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियान वारला, नवा अजून निवडला गेला नव्हता, आणि नगरपरिषदेने तेवढी संधी साधली. सुमारे पाचशे ज्यूंना हाकलून दिलं, त्यांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, पाडलं, घरं जमीनदोस्त केली. त्यांच्या दफनभूमीतले दगड उपटून लोकांनी विजयाची निशाणी म्हणून आपल्या भिंतींत बसवले. हिब्रू अक्षरं कोरलेले असे दगड आजही गावात भिंतींमध्ये दिसतात. आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर हा मोठा चित्रकार नगरपरिषदेत होता. पाडण्याआधी त्याने सिनेगॉगची चित्रं कोरून ठेवली, म्हणून ते आतून कसं होतं हे आपल्याला कळतं. चित्र काढणारा हात आणि हाकलून देणारी परिषद, दोन्हींत तोच माणूस. मला हे पचत नाही. सिनेगॉगच्या जागी आता दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने केलेला पांढरा चौथरा आहे, जुन्या पायाच्या आखणीवर. मुलं त्यावर बसून आइस्क्रीम खात होती. बसावं म्हणूनच तो केलाय, असं ताई म्हणाली.

गंमत म्हणजे शहराने घालवलेले ज्यू १६६९ पासून पुन्हा थोडे राहू शकले, ते राइशटागमुळे. सभेची व्यवस्था बघणाऱ्या पापेनहाइमच्या सरदाराचा अंमल वेगळा होता, आणि त्याच्या संरक्षणाखाली ते आले. एका सत्तेने दार लावलं तर दुसरीकडे फट राहायची. मोठ्या एकछत्री राज्यात ही फट कुठून मिळणार?

दुपारी पूल ओलांडला. हा पूल ११३५ ते ११४६ मध्ये बांधलेला. आता त्यावर गाड्या नाहीत, चालायला मजा येते. पलीकडचं श्टाटआमहोफ हे गाव बव्हेरियाचं होतं, म्हणजे रेगेन्सबुर्गच्या माणसाला पूल संपला की परदेश. ते रेगेन्सबुर्गमध्ये सामील झालं थेट १९२४ मध्ये. त्याआधी शहर स्वतःच बव्हेरियात गेलं होतं. फेब्रुवारी १८०३ मध्ये साम्राज्याच्या समितीने इथेच बसून बहुतेक छोट्या राज्यांची वाटणी केली. एकावन्न स्वतंत्र शहरांपैकी सहा उरली. फ्रान्सने ऱ्हाइनच्या पश्चिमेचा मुलूख घेतला होता, आणि तिथे जमीन गमावलेल्या राजांना भरपाई हवी होती. ती मठांच्या आणि शहरांच्या जिवावर दिली. रेगेन्सबुर्ग काही वर्षं दालबेर्ग या आर्चबिशपकडे राहिलं आणि १८१० मध्ये बव्हेरियाने घेतलं. मधल्या काळात, एप्रिल १८०९च्या लढाईत, श्टाटआमहोफ जळून खाक झालं होतं. छोट्यांचा निकाल लावायलाही त्याच गावातली सभा वापरली, याचं मला फार वाईट वाटतं.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला संत कॅथरीनचं स्पिटाल आहे, तेराव्या शतकातलं. गरीब आणि आजारी लोकांसाठी काढलेलं, आता वृद्धाश्रम आहे. १२२६ पासूनची म्हणून मिरवणारी बिअरची भट्टीसुद्धा आहे, आणि नदीकाठी बाग. कारभारात अर्धे कॅथेड्रलचे धर्मगुरू, अर्धे शहराचे नागरिक. नागरिक प्रोटेस्टंट झाले तरी दोघांनी मिळूनच चालवलं. बागेत जागा नव्हती, तर एका म्हाताऱ्या जोडप्याने आपल्या बाकावर सरकून आम्हाला बसवून घेतलं आणि काय मागवायचं तेही सांगितलं. म्युनिकच्या बागांत मला इतकी माया दिसली नाही.

ताईने विचारलं, "त्या वेळी असतो तर यातल्या कुठल्या राज्यात आपण राहिलो असतो?" मी एकेक नाव घेऊन बघितलं. शहरात नागरिक व्हायला प्रोटेस्टंट असणं भाग. बायकांच्या मठात जायला खानदान हवं. बिशपकडे आणि एमेरामकडे आपलं कोण? फार तर कुण्या वकिलाच्या घरी कामाला. ताई म्हणाली, "मग इथेच, स्पिटालात. इथे निदान विचारलं असतं, भूक लागलीय का." तिने मेनू पुढे ओढला आणि बटाट्याचं सूप दोघींसाठी सांगितलं.