सगळं बोलूनच होणार, मग तुमचं काय?

इंटरफेस, म्हणजे माणूस यंत्र ज्यातून वापरतो ते पडदे, बटणं, मेनू, डिझाइन करते असं सांगितलं की हल्ली ठरलेला प्रश्न येतो : 'आता एआयला नुसतं सांगितलं की काम होणार. मग बटणं, मेनू कोण वापरणार? तुमचं काय?' लग्नाच्या पंगतीतही विचारतात, आणि त्यात काळजीपेक्षा गंमत जास्त असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

स्क्रीन कुठे जात नाही. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या गाड्या फोनने वाचून दाखवायला घेतल्या, तर चौथी ऐकेपर्यंत पहिली विसरलेली असते. डोळा तीच यादी क्षणात चाळतो आणि वेटिंग कुठे कमी आहे ते हेरतो. सांगायला तोंड बरं, निवडायला डोळा. शिवाय भरल्या लोकलमध्ये खात्यात किती शिल्लक आहे हे मोठ्याने कोण विचारणार?

मला विचाराल तर आपल्याकडचा सगळ्यात मोठा इंटरफेस म्हणजे मतदानयंत्र. त्याच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या प्राध्यापकांचा हात होता. 1982 साली केरळात परावूरला ते पहिल्यांदा वापरलं गेलं. नाव, शेजारी चिन्ह, त्यासमोर बटण. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते कुणाला विचारावं लागत नाही. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांबलचक बीप वाजते. ती आडोशाबाहेर बसलेल्या अधिकाऱ्यालाही ऐकू जाते. पुढे मताची छापील चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट आलं, 2019च्या लोकसभेला सगळ्या केंद्रांवर. आता काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि मग खाली पडते. म्हणजे इतक्या वर्षांत मतदाराचं काम होतं तेवढंच राहिलं, एक बटण. वाढलं ते यंत्राचं उत्तर.

मंडईतल्या साउंडबॉक्सचं, म्हणजे पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या डब्याचंही तेच. गिऱ्हाईक फोन नाचवत 'गेले बघा पैसे' म्हणतं. भाजीवालीचे हात कोथिंबिरीने ओले, समोर चार जण खोळंबलेले, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवणारेही असतातच. ती मान वर करत नाही, डब्याचा आवाज ऐकते आणि पिशवी पुढे करते. माणूस यंत्राशी बोलणार अशी भाकितं आपण ऐकत आलो. मंडईत आधी यंत्रच माणसाशी बोलायला लागलं. त्या डब्याशी कुणी अवाक्षर बोलत नाही, तरी त्याच्यावर बाजार चालतो.

आता प्रश्न उरतो तो आपल्या वतीने परस्पर काम उरकणाऱ्या एआयचा. हा वादही जुनाच. 1997 साली बेन श्नायडरमन आणि पॅटी मेस या दोन संगणक संशोधकांची यावर जाहीर चर्चा झाली होती. श्नायडरमन यांचं म्हणणं, सगळं माणसाच्या डोळ्यांसमोर आणि हातात असावं; मेस यांचं म्हणणं, कामं इतकी वाढताहेत की काही दुसऱ्यावर सोपवावीच लागतील. तेव्हा ते दूरचं वाटलं असेल, आता दारात आलंय.

'आईचं गावचं तिकीट काढ' असं मी सांगितलं, तर गाडी, तारीख, बर्थ, पैसे हे सगळं तो ठरवणार. प्रत्येक गोष्ट विचारत बसला, तर जुना फॉर्म काय वाईट होता? काहीच विचारलं नाही, तर गुडघे धरलेली बाई अप्पर बर्थवर. गाडी त्याने निवडावी, बर्थ मात्र विचारावा, आणि पैसे जाण्याआधी थांबावंच. 'पावणेदोनशे पाठव' म्हटलं, तर 175 हा आकडा आणि घेणाऱ्याचं नाव ठळक दिसायला हवं. नुसतं 'ठीक आहे, पाठवते' असं गोड आवाजात उत्तर आलं, तर माझा तरी त्यावर विश्वास बसणार नाही.

राहता राहिलं माझं काम. बटणं रेखाटण्याचं कमी होईल, होऊ दे. त्यात फार मजा नव्हतीच. सध्या आमची भांडणं वेगळ्याच गोष्टींवरून होतात : कुठे थांबून विचारायचं, चुकलं तर किती वेळ परत फिरता येईल, आणि 'नको' म्हणायची सोय कुठे ठेवायची. 'हो'चं बटण मोठं नि हिरवं, आणि 'नको' फिकट अक्षरांत कोपऱ्यात, असा आग्रह धरणारे प्रत्येक मीटिंगमध्ये निघतातच. त्यांच्याशी भांडायला एआय येईल असं अजून तरी दिसत नाही.