जुन्या टीव्हीवर मोंढ्याचे भाव

तुम्ही विचारलंत म्हणून. लातूर, परभणी, जालन्याकडून हा प्रश्न सारखा येतो: आडत दुकानात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही धूळ खात पडलाय, त्यावर आर्डुइनोने (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाने) तूर-सोयाबीनचे भाव दाखवता येतील का? आणि नुसत्या दोन रेझिस्टरांवर (वीजप्रवाह अडवणाऱ्या छोट्या भागांवर) चित्र उमटतं, हे खरं का?

खरं आहे. टीव्हीला पिवळं एव्ही सॉकेट हवं, एवढीच अट. फक्त अँटेनाचं सॉकेट असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर (एव्हीचा सिग्नल अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) लागतो. टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडू नका. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

आर्डुइनोचा उनो आर३ किंवा साधा नॅनो बोर्ड घ्या. ९ नंबरच्या पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-लाल), ७ नंबरच्या पिनला ४७० ओहमचा (पिवळा-जांभळा-तपकिरी). दोन्हींची मोकळी टोकं एकत्र करून एव्ही केबलच्या मधल्या तारेला जोडा, बाहेरची जाळी ग्राउंडला. तिसरा रेझिस्टर टीव्हीच्या आतच असतो, ७५ ओहमचा. या तिघांत ५ व्होल्ट वाटले जातात. दोन्ही पिना बंद असताना शून्य व्होल्ट, तो सिंक, म्हणजे नवी ओळ कुठे सुरू करायची ते टीव्हीला सांगणारी खूण. फक्त ९ चालू असताना ०.३ व्होल्ट, तो काळा रंग. दोन्ही चालू असताना ०.९५ व्होल्ट, तो पांढरा. रेझिस्टरांची अदलाबदल झाली तर काळाच ०.६५ व्होल्टवर जातो आणि चित्र राख फासल्यासारखं दिसतं. केबल टीव्हीला न लावता मीटरने तपासू नका. ७५ ओहम नसले की हा सगळा हिशोब चुकतो.

व्होल्टेजचं काम इथे संपलं. खरी कसोटी वेळेची आहे. आपल्याकडची पाल ही टीव्ही सिग्नलची पद्धत म्हणजे ६२५ ओळी, एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. उनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एका ओळीला बरोबर १०२४ टिक (बोर्डाच्या घड्याळाचे ठोके) मिळतात. त्यातले सुरुवातीचे ७५ टिक सिंकचे, पुढे थोडी मोकळी जागा आणि मग ठिपके. १२८ ठिपके बसवायचे तर एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा टिक येतात. म्हणून हे काम डिजिटलराइट या पिन चालू-बंद करणाऱ्या साध्या, पण संथ आज्ञेने होत नाही. टीव्हीआउट ही तयार लायब्ररी वापरा. तिचा ठिपके काढणारा भाग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांत, लिहिलेला आहे. सुरू करताना पाल निवडायला विसरू नका. एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) राहिलं आणि टीव्हीला ते चालत नसलं की चित्र वर-खाली फिरत राहतं.

सिंक ९ नंबरवरच का, असंही विचारलं जातं. तो पल्स प्रोग्राम काढत नाही, टायमर १ हे हार्डवेअर स्वतः काढतं आणि उनोवर त्याची पिन ९ हीच आहे. प्रोग्राम कुठेही अडकला तरी ओळीचा सिंक हलत नाही. ठिपके मात्र प्रोग्रामच पाठवतो. २१ इंची पडद्यावर एक मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास पाऊण सेंटिमीटर. सीरियलचा (कॉम्प्युटरशी बोलण्याच्या जोडणीचा) इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा व्यत्यय, चार मायक्रोसेकंद आडवा आला, तर ती एक ओळ तीन सेंटिमीटर उजवीकडे सरकते आणि अक्षराला दात फुटल्यासारखं दिसतं. म्हणून साधं सीरियल टाळा, आणि थांबण्यासाठी लायब्ररीचंच डिले वापरा.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते मेमरीत. एका बाइटात आठ ठिपके मावतात, म्हणून १२८ गुणिले ९६ ठिपक्यांना १५३६ बाइट लागतात. उनोत आहेत २०४८. उरतात ५१२, आणि त्यातच तुमचे व्हेरिएबल आणि स्टॅक (प्रोग्रामची चालू कामाची तात्पुरती जागा). कंपाइल करताना दिसणाऱ्या आकड्यात हे १५३६ धरलेलेच नसतात, कारण ती जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागितली जाते. त्यामुळे ‘मेमरी भरपूर आहे’ असं वाटतं आणि पडदा कोरा राहतो. जागा मिळाली पण काठावर असली, तर पडद्याच्या अगदी खालच्या ओळींत ठिपके वळवळताना दिसतात. तो टीव्हीचा दोष नाही. वरून खाली वाढणारा स्टॅक चित्राच्या शेवटच्या बाइटांवर चढलेला असतो, तोच तुम्हाला दिसतो. रुंदी १२० केली की ९६ बाइट सुटतात. वाक्यं फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवण्याच्या वेगळ्या मेमरीत) ठेवा, मजकुरासाठीच्या स्ट्रिंग क्लासला हात लावू नका, तो हीच मेमरी खातो.

मराठीसाठी तयार फॉन्ट शोधत बसू नका. काना, मात्रा, उकार जुळवण्यापेक्षा अख्खा शब्दच चित्र म्हणून साठवणं सोपं. चौकटीचा कागद घ्या, १६ चौकटी उंची. वरच्या चार मात्रा-वेलांटीला, पाचवी शिरोरेघ, पुढच्या सात अक्षराला, खालच्या चार उकाराला. ‘तूर’ २४ चौकटींत बसतो, ४८ बाइट. ‘सोयाबीन’ला ४८ चौकटी, ९६ बाइट. प्रत्येक चित्राच्या आधी रुंदी आणि उंचीचे दोन बाइट द्यावे लागतात. शून्य ते नऊ आकडे मिळून १६० बाइट. फ्लॅशमध्ये ३२ किलोबाइट असताना ही जागा किरकोळ आहे. काना दोन ठिपके जाड काढा. एका ठिपक्याचा काना जुन्या ट्यूबवर पुसट दिसतो आणि दुकानाच्या पायरीवरून वाचता येत नाही.

रंगाचा नाद सोडा. पालच्या रंगाला ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झची लहर लागते आणि १६ मेगाहर्ट्झला तिने पूर्ण भाग जात नाही. रंगच हवा असेल तर ईएसपी३२ हा जास्त वेगवान बोर्ड बघा. काही नवे एलसीडी टीव्ही हा सिग्नल घेत नाहीत, कारण यात ओळी एकाआड एक येत नाहीत, ३१२ ओळींचंच चित्र सेकंदाला ५० वेळा जातं. जुनी ट्यूब ते निमूट घेते.

भाव बदलायला तीन बटणं पुरतात. भाव बदलला की लगेच ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) लिहा, दोन बाइट एका मालाला, म्हणजे लाईट जाऊन आली तरी आकडे जागेवर असतात. आणि दर तासाला सगळं चित्र दोन-चार ठिपके सरकवा. तेच शब्द दिवसभर एकाच जागी राहिले, तर काही महिन्यांत टीव्ही बंद असतानाही काचेवर ‘तूर’ वाचता येतं.