मांतोवा: आधी पाणी बघा, मग राजवाडे

उत्तर इटलीला जाणाऱ्या बहुतेकांचा रस्ता मिलान, वेरोना, व्हेनिस असा ठरलेला असतो. त्या वाटेच्या जरा खाली, पो नदीच्या सपाट खोऱ्यात मांतोवा आहे. वस्ती जेमतेम पन्नास हजार. गावात उतरलेला माणूस सहसा थेट राजवाड्याच्या तिकीटखिडकीकडे जातो. त्याआधी सान जॉर्जोच्या पुलावरून तळं ओलांडावं आणि पलीकडच्या काठावरून मागे वळून गाव बघावं. हे सकाळीच करावं. पूल गावाच्या पूर्वेला असल्याने ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि किल्ल्याची वीट न् वीट उजळते. संध्याकाळी तिथून नुसती गडद कडा दिसते. छान दिसते, पण घुमट कुठला नि मनोरा कुठला ते कळत नाही.

ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. गार्दा सरोवरातून पेस्किएराजवळ निघालेली मिंचो नदी इथल्या सपाटीवर येऊन पसरायची, दलदल करायची आणि पुराला गावात शिरायची. ११९० च्या सुमारास आल्बेर्तो पितेन्तिनो नावाच्या अभियंत्याने बांध घालून तिला आवरलं. पश्चिमेला लागो सुपेरिओरे, उत्तरेला लागो दि मेझ्झो, पूर्वेला लागो इन्फेरिओरे. सुपेरिओरेची पातळी पुढच्या दोन तळ्यांपेक्षा सुमारे ३ मीटर वर ठेवली, आणि त्या उतारावर बांधाच्या पुलावर बारा पाणचक्क्या बसवल्या. प्रत्येकीला येशूच्या एकेका शिष्याचं नाव होतं. त्या चक्क्या दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेल्या. पुलाला मात्र अजून ‘चक्क्यांचा पूल’ असंच म्हणतात. शिवाय गावाच्या मधून रिओ नावाचा कालवा काढला. तो आजही वाहतो, आणि त्याच्यावर सोळाव्या शतकातल्या जूलिओ रोमानो या चित्रकार-वास्तुकाराने बांधलेली मासळीबाजाराची कमानदार इमारत उभी आहे.

दक्षिणेला पायोलो नावाचं चौथं तळं होतं, म्हणजे गाव जवळपास बेटच होतं. ते अठराव्या शतकात कोरडं केलं. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो. पाण्याने वेढलेल्या जागेवर चाल करून येणं अवघड, म्हणून एकच घराणं इथे पावणेचारशे वर्षं टिकलं. १६ ऑगस्ट १३२८ रोजी गोंझागांनी बोनाकोल्सी घराण्याला उलथून सत्ता घेतली आणि ती १७०७ पर्यंत ठेवली. त्या दिवसाची लढाई दोमेनिको मोरोनेने १४९४ मध्ये रंगवली. ते चित्र राजवाड्यातच आहे आणि ते आधी बघून मग बाहेरच्या पियात्सा सोर्देल्लो या चौकात यावं. चित्रातल्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग गॉथिक आहे, आता तिथे अठराव्या शतकातला पांढरा संगमरवरी आहे. पण उजव्या बाजूला वळलात तर जुनं गॉथिक विटकाम तसंच आहे, आणि मागचा घंटामनोरा त्याहूनही जुना, गॉथिकच्या आधीच्या रोमनेस्क धाटणीचा. अर्ध्या मिनिटात तीन काळ दिसतात, तरी बहुतेकजण समोरचा फोटो काढून निघून जातात.

राजवाडा म्हणजे पालात्सो दुकाले. एकाला एक जोडत गेलेल्या इमारतींचं जंगलच आहे ते, खोल्या पाचशेच्या वर. सगळं बघायचा हट्ट धरू नये. ज्यासाठी यायचं ती खोली किल्ल्याच्या मनोऱ्यात आहे: कामेरा देल्यी स्पोझी, म्हणजे ‘नवरा-बायकोची खोली’. साधारण ८ मीटर लांब, तेवढीच रुंद. गोंझागांचा दरबारी चित्रकार आंद्रेआ मान्तेन्या याने ती १४६५ ते १४७४ अशी नऊ वर्षं रंगवली. सुरुवातीची तारीख, १६ जून १४६५, त्याने खिडकीच्या कडेच्या रंगवलेल्या ‘संगमरवरा’वर कुणीतरी खरवडून ठेवल्यासारखी लिहिली आहे. शोधल्याशिवाय ती दिसत नाही. छताच्या मधोमध रंगवलेलं गोल भोक सगळेच बघतात. तिथून बायका नि बाळं खाली डोकावतात आणि कडेला झाडाची कुंडी एका दांडीवर कशीबशी तोललेली आहे. तिच्या बरोबर खाली उभं राहून बघा. शेकोटीच्या वरच्या भिंतीवर तेव्हाचा राजा लुदोव्हिको गोंझागा हातात पत्र घेऊन बसलाय आणि त्याच्या खुर्चीखाली कुत्रा निवांत पडलाय. काही भाग फिकट, पापुद्रे गेलेले दिसतात. ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग चुन्यात मुरतो आणि टिकतो, वाळलेल्या गिलाव्यावर नंतर दिलेला वरवर बसतो आणि दमटपणात सुटतो. मान्तेन्याने दोन्ही पद्धती वापरल्या होत्या. याच कारणाने एका वेळी आत थोडीच माणसं सोडतात आणि वेळ ठरवून आरक्षण करावं लागतं. मे २०१२ च्या भूकंपानंतर ही खोली २०१५ पर्यंत बंदच होती.

गोंझागांच्या संग्रहातलं बरंचसं मात्र इथे नाही. कर्जात बुडालेल्या घराण्याने १६२७-२८ मध्ये तो इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला आणि १६३० मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याने गाव लुटलं, प्लेगही त्यांच्याबरोबर आला. पुढे पाण्याने केलेलं रक्षणही महागात पडलं. तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या या गावाला नेपोलियनच्या फौजेने वेढा घातल्यावर २ फेब्रुवारी १७९७ ला किल्ला पडला, तोवर भूक आणि दलदलीतल्या तापाने असंख्य सैनिक मेले होते. इटलीत हे गाव आलं ते १८६६ मध्ये.

सांत’आंद्रेआ हे चर्च आल्बेर्ती या वास्तुकाराने आखलं. १४७२ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी तो वारला. दगडाऐवजी वीट का? कारण भोवताली गाळाची माती सोडून काही नाही. दर्शनी भागात रोमन विजयकमान आणि देवळाचा दर्शनी भाग एकमेकांत बसवले आहेत. घुमट अठराव्या शतकातला, युव्हारा या वास्तुकाराचा. आत डावीकडचं पहिलं छोटं दालन म्हणजे मान्तेन्याची समाधी. जवळच सान लोरेन्त्सोचं गोल चर्च रस्त्याच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. ते अकराव्या शतकातलं. पुढे ते घरांच्या गर्दीत पार बुजलं होतं, १९०८ मध्ये भोवतालची घरं पाडल्यावर पुन्हा दिसलं. शेजारच्या मनोऱ्यावरचं १४७३ चं घड्याळ म्हणजे भिंतीवर टांगलेलं पंचांगच: ग्रह, राशी, कोणत्या कामाला कोणती वेळ बरी, सगळं त्यावर.

‘पालात्सो ते’ हा दुसरा वाडा गावाच्या दक्षिणेला, सोर्देल्लो चौकापासून चालत पंचवीसेक मिनिटांवर आहे. पूर्वी हे वेगळं बेट होतं आणि तिथे गोंझागांचे घोडे ठेवत. जूलिओ रोमानोने १५२५ पासून दहा वर्षांत तिथे मौजेसाठी वाडा उभा केला. राक्षसांच्या दालनात भिंत कुठे संपते नि छत कुठे सुरू होतं ते कळू नये म्हणून कोपरेच गोल केले आहेत. एका कोपऱ्यात कुजबुजलेलं समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं, फक्त गर्दी नको.

जुलै-ऑगस्टमध्ये सुपेरिओरेवर कमळांचा नुसता गालिचा असतो. आपलंच ते, आशियातलं. १९२१ मध्ये इथे लावलं आणि माजलं. पानांच्या छायेत पाणी साचतं, गाळ वाढतो, म्हणून दरवर्षी यंत्राने कापावं लागतं. फुलं दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा सकाळची बोट घ्या आणि डासांचं मलम विसरू नका. शिंगाडाही या तळ्यांत होतो, स्थानिक नाव ‘त्रिगोल’.

शाकाहारी माणसाने इथे नीट विचारून खावं. भोपळ्याचे तोर्तेल्ली गोडसर असतात: भोपळा, बदामी बिस्किटांचा चुरा, मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबा, चीज, जायफळ. मांस नसतं, पण चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. ‘आल्ला पिलोता’ भात मात्र डुकराच्या मांसाचाच. तांदूळ उकळत्या पाण्यात असा ओततात की ढिगाचं टोक जेमतेम पाण्याबाहेर राहतं. दहा-बारा मिनिटांनी आच बंद करून फडक्याखाली तेवढाच वेळ मुरवतात. पाणी जास्त झालं की गिचका, आणि सुटा भात हीच तर याची ओळख. ज्ब्रिझोलोना हा मक्याच्या पिठाचा नि बदामाचा खुसखुशीत केक सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात. जुन्या पद्धतीत डुकराची चरबी (‘स्त्रुत्तो’) असते, तेव्हा पाकिटावर ‘स्त्रुत्तो’ लिहिलंय का ते बघा.

वेरोनाहून रेल्वेगाडी पाऊण तासाच्या आसपास, मिलानहून थेट गाडीने दोनेक तास. मिलानच्या मार्गावर बराच पट्टा एकेरी रुळांचा आहे, त्यामुळे एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. परतीच्या विमानाच्या दिवशी हा मार्ग टाळा. राजवाडा सोमवारी बंद असतो. जुन्या गावातले रस्ते नदीतल्या गोट्यांचे आहेत, चाकांची बॅग स्टेशनजवळ कुठेतरी ठेवूनच निघा.