लायब्ररीतला माहिती साक्षरतेचा तास: माझा अनुभव

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. एफवायच्या मुलांना लायब्ररीची ओळख करून द्यायची आमच्याकडे ठरलेली पद्धत होती, अर्धा तास हॉलमध्ये बसवायचं, कार्ड कसं काढायचं, दंड किती, एन-लिस्टचा (ई-पुस्तकं, ई-जर्नल्सची ऑनलाइन सेवा) पासवर्ड कुणाकडे मागायचा ते सांगायचं, सह्या घ्यायच्या, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलसाठी फोटो काढायचा, संपलं. आमची बरीच मुलं घरातून कॉलेजात आलेली पहिलीच, त्यांच्या हातात यातून काहीच पडत नाही हे मला फार वर्षं खुपत होतं, म्हणून मी टाइमटेबलमध्ये माहिती साक्षरतेचा, म्हणजे हवी ती माहिती शोधून, तपासून वापरायला शिकवायचा रीतसर तास मागायचं ठरवलं.

ग्रंथालय समितीत पहिला प्रश्न आला, क्रेडिट नाही तर मुलं बसतील कशाला? शेवटी अर्थशास्त्राच्या सरांनी त्यांच्या प्रोजेक्टचे दोन तास दिले आणि गाडी सुरू झाली. कुणाला हे करायचं असेल तर स्वतंत्र कोर्ससाठी अडून बसू नका, विषय शिकवणारा एक माणूस बरोबर घ्या, बाकीचं होतं.

सुरुवात मी मुलींच्या मोफत शिक्षणाच्या जीआरपासून, म्हणजे शासन निर्णयापासून केली. २०२४ च्या जुलैत तो निघाला तेव्हा व्हॉट्सअॅपवर 'सर्व मुलींना सर्व शिक्षण मोफत' असं फिरत होतं. मी मुलांना सांगितलं, बातमी नको, यूट्यूब नको, मूळ कागद शोधा. शासनाच्या साइटवर विभाग निवडायचा, उच्च व तंत्र शिक्षण, तारीख ८ जुलै २०२४, पीडीएफ उघडायची आणि शेवटी संकेतांक आहे का, सही कुणाची आहे ते बघायचं. मग ओळ न् ओळ वाचली. अटी अशा: व्यावसायिक अभ्यासक्रम, कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) झालेला प्रवेश, मॅनेजमेंट कोटा वगळून, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आम्हाला बीएला नाही?" नाही, या जीआरने नाही. पण तिच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर (शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) कुठे असते ते मग तिनेच शोधून काढलं. आणि दुसऱ्या एका मुलीच्या बहिणीला इंजिनिअरिंगला कॅपमधून सीट लागलेली, प्रवर्ग ओबीसी, उत्पन्नही मर्यादेत, तरी तिथलं ऑफिस आधी पूर्ण फी भरा म्हणत होतं. हिने प्रिंट काढली, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि वडिलांना बरोबर घेऊन गेली. ट्यूशन फी भरावी लागली नाही. माझ्या मते माहिती साक्षरता म्हणतात ती ही, डेटाबेसची नावं पाठ करणं नव्हे.

पुढचा भाग मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका मुलाचा प्रोजेक्ट भटक्या विमुक्तांवर होता, तो स्वतः त्याच समाजातला. त्याने ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर, देवनागरीत 'विमुक्त' टाइप केलं, काहीच आलं नाही. पुस्तकं कपाटात होती! पण जुनी डेटा एंट्री सगळी रोमनमध्ये, कुठे भटके, कुठे भटाके, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मराठी पुस्तकच सापडणार नाही. मग मी रॅकवरून एक पुस्तक काढून त्याचं रेकॉर्ड स्क्रीनवर उघडलं तर विषयाच्या रकान्यात 'क्रिमिनल ट्राइब्ज'. तो ते वाचून गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, कायदा तर १९५२ ला रद्द झाला ना?" झाला. इंग्रजांनी १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांच्यावरची पुस्तकं आमच्या कॅटलॉगमध्ये अजून त्याच शिक्क्याखाली होती.

समितीत यावर चर्चा झाली. जुना शब्द साफ पुसून टाकावा असं एकांचं म्हणणं होतं, मला ते पटलं नाही, कारण खुद्द त्या कायद्याच्या इतिहासावरची पुस्तकं शोधणाऱ्याला तो शब्द लागणारच. म्हणून तिथे ठेवला, बाकी सगळीकडे 'विमुक्त जमाती' मराठीत आणि 'डिनोटिफाइड ट्राइब्ज' इंग्रजीत घातलं. कोहामध्ये (आमचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर) बॅच मॉडिफिकेशन, म्हणजे अनेक रेकॉर्ड एकदम बदलायची सोय आहे, त्यामुळे विषयाचं काम पटकन उरकलं, पण पुस्तकांची देवनागरी नावं एकेक करून २४६ नंबरच्या फील्डमध्ये, म्हणजे नावाच्या पर्यायी रूपाच्या रकान्यात, भरावी लागतात. ते 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं करतात, तासाचे पैसे मिळतात आणि मराठी टायपिंगही पक्कं होतं. तो मुलगाही त्यात आहे, कुठल्या पुस्तकाला काय विषय द्यायचा यावर आता तो माझ्याशी वाद घालतो आणि बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं.

समाजशास्त्राचं कपाट झालंय, इतिहासाचं चालू आहे. पुढच्या टर्मला कॉमर्सच्या मॅडम त्यांचे तास देणार आहेत, त्यांच्यासाठी पीकविम्याचे जीआर घ्यायचं ठरलंय.