तुम्ही विचारलंत म्हणून: मी चप्पल लाईनला का येत नाही

कोल्हापुरात भवानी मंडपाच्या कमानीपाशी पोचलो, पुढं कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची गल्ली, म्हणजे चप्पल लाईन, आली की मी पाहुण्यांच्या पिशव्या मागून घेते आणि सावली बघून बसते. "तुम्ही या जाऊन, मी आहे इथंच." मग ठरलेला प्रश्न येतो. "अहो, सकाळपासून सगळीकडं आलात. खरी चप्पल ओळखायला तर तुम्हीच हव्यात! इथंच का नाही येत?"

आजवर गुडघे सांगून झाले, ऊन सांगून झालं. एकदा तर दुकानदार आमच्या नात्यातले आहेत, संकोच वाटतो, अशीही थाप मारली. गेल्या महिन्यात धाकट्या जावेच्या भाचीनं तिसऱ्यांदा विचारलं आणि तिचा सूर असा होता की काकूंना आमच्यासाठी एवढंही होत नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते.

फिरायचा मला कंटाळा नाही, हे आधी मान्य करा. गाव जुन्या संस्थानच्या राजधानीचं, त्यात घर शिवाजी पेठेत, म्हणजे वर्षाला पाच-सहा खेपा ठरलेल्या. अंबाबाईच्या रांगेत मी तुमच्याबरोबर दोन-दोन तास उभी राहिलेय. नव्या राजवाड्यात त्या भुसा भरलेल्या वाघांसमोर पोरांचे फोटो काढलेत आणि मेजर मांट नावाच्या इंग्रजानं आखलेला हा वाडा 1884 मध्ये पुरा झाला, हे इतक्यांदा सांगितलंय की आता आमचे हे माझ्याआधी वाक्य संपवतात. खासबागेत मातीला हात लावायला लावते. 1902 मध्ये परदेशी गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचं ते जुनं गोल मैदान बघितलं आणि इथं कुस्तीसाठी हे बांधलं, हे ऐकल्यावर पुण्याची माणसंही जरा गप्प होतात. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळलं, त्याबद्दल मात्र मला फार बोलता येत नाही. तिथं मी लहानपणी नाटकं बघितलीत. गुजरीत ठुशी बघायला येते, रंकाळ्यावर भेळ खायला येते, गंगावेशीत रात्री धारोष्ण दूध प्यायला येते. फक्त चप्पल लाईन सोडून.

आणि माहिती नाही म्हणून येत नाही, असंही नाही. माझे वडील, आमचे दादा, मास्तर होते. दोन वर्षांनी एक जोड, तीही मापाची. दुकानदार जुन्या वहीचं पान जमिनीवर ठेवायचा, दादा त्यावर पाऊल ठेवायचे, तो पेन्सिल फिरवायचा. मी शेजारी बसून बघायची. तळाला म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. शिलाई कातड्याच्याच वादीची, खिळा औषधाला नाही. नवी जोड आठ-दहा दिवस चावणार, मग दादा तिला तेल पाजणार आणि पुढं ती पायाचं ऐकणार. कडेवर अंगठा दाबून कातडं ओळखायला मला दादांनीच शिकवलं. तेव्हा मी सातवीत असेन.

हे सगळं मी पाहुण्यांना सांगायची. मिरवायचीच म्हणा ना. आणि भाव करायची. त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. जोड उचलायची, उलटी करायची, तोंड वाकडं करायचं, खाली ठेवायची, "चला हो" म्हणून पायरी उतरायची. तिसऱ्या पावलाला हाक येणारच. पाहुणे थक्क! "वहिनी, तुमच्यासारखं कुणी नाही." ते ऐकायला मला आवडायचं. लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडं पाहुण्याला फसू देणं म्हणजे घराचं नाक कापलं जाणं. ताटात तांबडा-पांढरा संपू द्यायचा नाही आणि बाजारात पाहुण्याला एकटं सोडायचं नाही. भाव पाडणं हा माझ्या लेखी पाहुणचारच होता. आजही तो पूर्ण चूक होता असं मी म्हणणार नाही. बसमधून उतरलेल्या माणसाला दुप्पट भाव सांगणारे तिथं होते, अजून आहेत. मी कुणाकुणाचे पैसे वाचवलेत, त्यांनी ते विसरू नये.

तर 2017 चा मे महिना. थोरल्या नणंदेचे व्याही डोंबिवलीहून आले. व्याही म्हटल्यावर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या घरी पुढच्या महिन्यात मुंज होती आणि घरातल्या पाचही पुरुषांनी झब्बा-धोतरावर कोल्हापुरी घालायची असं ठरलं होतं. पाच जोड. मी त्यांना दादांच्याच दुकानात नेलं. जुना दुकानदार जाऊन त्याचा मुलगा बसला होता. तोही आता पन्नाशीचा. "मास्तरांच्या ताई आल्या," म्हणाला, पाणी दिलं, चहा सांगितला. कापशी प्रकारची जोड काढली. सुरेख होती, वेणी बारीक, कान मऊ. चौदाशे म्हणाला. व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी सुरू झाले. तो सांगत होता, 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यापासून बैलाचं कातडं मिळेना झालंय, लांबून आणावं लागतं, कारागिराची पोरं धंद्यात यायला तयार नाहीत. मी हसून म्हणाले, "हे पर्यटकांना सांगा." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. पाच जोड घेतोय, साडेपाचशेच्या वर एक रुपया देणार नाही, म्हणाले आणि पायरी उतरले.

तिसऱ्या पावलाला हाक आली नाही. पाचव्याला आली.

मी वळले तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता. पोऱ्याला म्हणाला, "माळ्यावरची काढ रं." माळ्यावरून पाच जोड आल्या. दिसायला तशाच, रंग तोच, गोंडाही होता. व्याह्यांनी पायात घालून बघितली, अजिबात चावली नाही, ते खूश. मी एक जोड हातात घेतली, कडेवर अंगठा दाबला.

इथं मला थांबावं लागतंय. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कळलं नाही. गर्दी होती, उजेड कमी होता, पोऱ्या घाई करत होता. आता वाटतं, अंगठ्याला कळलं होतं. कड फार गुळगुळीत होती आणि नवी कोरी कोल्हापुरी न चावता पायात बसली तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण चारचौघांत भाव जिंकला होता, व्याही "मानलं वहिनी" म्हणून मोकळे झाले होते. की हे सगळं पुढचं कळल्यावर मी मागं नेऊन चिकटवतेय? खरंच सांगता येत नाही. ज्या दिवशी मला माझा राग येतो त्या दिवशी कळलं होतं असं वाटतं, एरवी नाही.

मुंजीत हॉलच्या ओल्या फरशीवर चप्पल भिजली आणि खुद्द बटूच्या वडिलांचा तळ सुटला. आतून पुठ्ठा निघाला. नणंदेचा फोन आला, ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती. "अगं, कोल्हापूरची खासियत बघितली आम्ही सगळ्यांनी."

दिवाळीला आली तेव्हा ती फाटकी जोड पिशवीतून घेऊनच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घेऊन दुकानात गेले. सुट्ट्यांचे दिवस, आत बाहेरगावची दहा-बारा माणसं. मी पिशवी गल्ल्यावर उपडी केली. पुठ्ठ्याचा लगदा वाळून तळाला चिकटला होता. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. दादांचं नाव काढलं, त्याच्या वडिलांचं काढलं, गावाची अब्रू काढली. बाहेरगावची माणसं हातातल्या जोड खाली ठेवायला लागली, हे मला दिसत होतं आणि दिसत असूनही मी थांबले नाही.

तो उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर हळू आवाजात म्हणाला, "ताई, चौदाशेची दाखवली हुती. साडेपाचशेत बसवा म्हणालासा. साडेपाचशेत हीच बसत्या."

मी म्हणाले, मग तसं तोंडानं सांगायचं होतं.

"पावण्यांच्या म्होरं?"

एवढंच बोलला. मग गल्ला उघडला, दोन हजार सातशे पन्नास मोजले, माझ्यापुढं ठेवले. आणि त्या गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला, "ताई आमच्या घरच्याच हायत."

मी पैसे घेतले.

तुम्ही म्हणाल, घेणारच, माल खोटा होता. मीही तेच म्हणते. वादात मी आजही हरणार नाही: न सांगता पुठ्ठा विकणं हा खोटेपणाच आहे, गिऱ्हाइकानं भाव पाडला म्हणून तो खरा होत नाही. माळ्यावर त्या पाच जोड होत्या, याचा अर्थ माझ्याआधीही त्या कुणाला तरी विकल्या जात होत्या. पण तो "पावण्यांच्या म्होरं" म्हणाला, तिथं माझी सगळी वकिली अडते. नणंदेनं पैसे घेतले नाहीत, ठेव म्हणाली. ते घरखर्चात गेले. काय आणलं त्यातून, आठवत नाही.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं गेलेली नाही. जायचंच झालं तर वळसा घालून महाद्वारातून जाते. दुसऱ्या दुकानात तुम्हाला नेता आलं असतं, हे खरं. पण लाईन अरुंद आहे, दुकानाला दुकान लागून. तो बघणार. आणि बघून हाक मारणार, हे जास्त.

आमचे हे म्हणतात, तू जात नाहीस याचा त्याला काय फायदा? गिऱ्हाईकच तुटलं. यावर माझ्याकडं उत्तर नाही. 2025 च्या जूनमध्ये त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा मला दिवसभर फोन येत होते. "बघितलंत का, चोर कुठले!" त्यातले निम्मे फोन पाचशेत बसवा म्हणणाऱ्यांचे होते. मी "हो ना, हो ना" केलं. मी तरी कोणत्या तोंडानं दुसरं काही बोलणार होते?

ओळखायची कशी ते मात्र जरूर विचारा, मंडपात बसून सगळं सांगते. शिलाई वादीची आहे का बघा. वास घ्या, चिकटवायच्या सोल्युशनचा वास वेगळा कळतो. तळाची कड दाबून बघा. पहिल्यांदा घातल्यावर अजिबात चावली नाही तर संशय घ्या. पावसात घालू नका. आणि "ओरिजिनल कोल्हापूरचीच द्या, अथणीची नको" असं तिथं जाऊन म्हणू नका. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना, चार इकडचे, चार कर्नाटकातले, आणि अथणी ज्यात येतं ते बेळगाव त्यात आहे. अथणीची जोडही तेवढीच खरी. भावाचं मला विचारू नका. किती कमी करायचे, करायचे की नाही, मला खरंच माहीत नाही. फक्त खाली आणताना विचारा की एवढ्यात काय बसतं. तो सांगेल. विचारलं तर सांगतात.

माझी स्वतःची जोड जुनीच आहे, दोनदा अंगठा बदलून घेतलाय गंगावेशीतल्या कोपऱ्यावरच्या मामांकडून. ते म्हणाले, तळ अजून चांगलाय, कुठली हो? मी म्हणाले, वडिलांनी घेतलेली.

रविवारी सोलापूरची मंडळी येतायत. दर्शन, राजवाडा, जेवण, मग लाईन, असं ठरलंय. पिशव्या माझ्याकडं द्या.