आपलं गाव सोडून तिकडे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"मार्च लागला की आपल्या गावाला टँकर, आणि तू आफ्रिकेत जाऊन दुसऱ्यांचं पाणी बघत बसलीस, असं का?" परत आल्यापासून हे मला किती जणांनी विचारलंय त्याची मोजदाद नाही. आत्याने भर पंगतीत विचारलं, बचत गटाच्या मेळाव्यात विचारलं गेलं, परवा तुम्हीही विचारलंत. तुम्ही चांगल्या मनाने विचारलंत, म्हणून एकदाच काय ते सांगते.

आधी एक. सोलापूर जिल्ह्यात मी पाणलोटाच्या कामात किती वर्षं घातली ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे "इथलं सोडून तिकडे" हे ऐकलं की मला राग येतो. इथलं करूनच गेले होते. आणि आपल्यापेक्षा गरीब कुणी असलं तर तिकडे जाऊ नये असा नियम आहे का कुठे?

पण हे रागाने दिलेलं उत्तर झालं, खरं उत्तर वेगळं आहे. सुरुवातीला मी सगळ्यांना "शिकायला गेले होते" म्हणायचे, ते अर्धंच खरं. आपल्या गावात मी कुणाची तरी सून आहे. ग्रामसभेत बोलायला उठलं की "वहिनी, तुम्ही बसा, आम्ही बघतो." बोअर कुठे घ्यायचा यावर माझं म्हणणं बरोबर निघालं तरी ते माझं म्हणून कधी धरलं गेलं नाही. मला एकदा तरी अशा ठिकाणी काम करून बघायचं होतं जिथे मी कुणाची कोण नाही. स्वयंसेवक म्हणून वर्षभर मलावीला जायची संधी आली आणि मी हो म्हणलं, घरात विचारायच्या आधीच.

डेड्झा जिल्हा, राजधानी लिलाँग्वेच्या दक्षिणेला, थंड हवेचा डोंगराळ भाग. चेवा लोकांची गावं. तिथे लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, जमीन आईकडून लेकीकडे जाते. मला पहिले काही आठवडे हे नुसतं बघतच राहावंसं वाटायचं. बालविवाह रद्द करणाऱ्या पारंपरिक प्रमुख टेरेसा काचिंदामोटो याच जिल्ह्यातल्या, म्हणजे काय बदलायचं ते ठरवणारी माणसं तिथे आधीपासून होती, कुणी बाहेरून जायची वाट बघत बसलेली नव्हती. आमच्या कामाचं सूत्रही तेच, गावाने ठरवायचं आणि आम्ही सोबत राहायचं. हे वाक्य मी स्वतः प्रशिक्षणात इतक्या वेळा म्हणलेलं आहे.

गावातला हापसा आफ्रिडेव्ह नावाच्या बनावटीचा होता. त्याची सुरुवात 1981 साली मलावीतच झाली, पुढे केनियात तो पक्का झाला. आपल्याकडचा इंडिया मार्क टू हापसा ज्याच्यावरून आला तो सोलापूर पंप, त्यामुळे हापशाच्या बाबतीत तरी मी परकी नाही असं मला वाटायचं. पण मार्क टू उघडायचा म्हणजे जड पाइप वर ओढायला माणसं पाहिजेत, अवजारं पाहिजेत, जाणकार पाहिजे. आफ्रिडेव्हला एक पाना पुरतो, दांडे पाइपातूनच वर निघतात, सील बदलायचं काम गावातल्या बायका करतात. गावाने सांभाळावा म्हणून मुद्दाम तसा बनवलाय. त्याची एक समिती, दर महिन्याला घरटी वर्गणी, एक कुलपाचा डबा आणि एक खजिनदार बाई. वयाने माझ्या आईएवढी. मी तिला तिथल्या रीतीने अमाई म्हणायचे, म्हणजे आईच.

जानेवारी 2023 मध्ये हापसा बंद पडला. दांडा तुटला होता आणि सीलही गेलं होतं. आता तो महिना कसला होता ते सांगते. तिथे पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे जानेवारीत शेतात मका उभा असतो आणि घरातला संपलेला असतो, भुकेचे महिने ते. त्यात देशात कॉलऱ्याची साथ, लिलाँग्वे आणि ब्लँटायरच्या शाळा सुट्टीनंतर उघडायच्या पुढे ढकलल्या होत्या, साथ संपेपर्यंत 1,700 च्या वर माणसं गेली. आणि आमच्या बायका दलदलीच्या कडेला खणलेल्या खड्ड्यातून गढूळ पाणी भरायला लागलेल्या. मला रात्री झोप लागत नव्हती, हे मी बचाव म्हणून सांगतेय असं वाटलं तर वाटू दे, पण नव्हती लागत.

समितीला विचारलं तर म्हणाल्या, थोडं थांबू. चार दिवस झाले, पाच झाले. शेवटी मी गावप्रमुखांना सांगून बैठक बोलावली. आंब्याखाली प्रमुख खुर्चीवर, पुरुष एका बाजूला, बायका खाली. मी म्हणलं, डबा उघडा. माझं बोलणं चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, सांगणारा आरोग्यसेवक पोरगा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, हे खरंच विचारू का? मी म्हणलं विचार. डबा उघडला, आत एक वही आणि थोडी चिल्लर. मी विचारलं पैसे कुठे आहेत. खजिनदार अमाई म्हणाली, लोकांच्या पोटात आहेत.

मी तो कबुलीजबाब समजले. सगळ्यांसमोर म्हणलं की हा पाण्याचा पैसा आहे, असा खर्च करायचा हक्क कुणालाही नाही. कुणी काही बोललं नाही. प्रमुखांनी तिला पदावरून उतरायला सांगितलं. तिने कमरेला गुंडाळलेल्या कापडाची, चितेंजेची, गाठ सोडली, किल्ली काढली आणि जमिनीवर ठेवली. मी हात पुढे केला होता तरी जमिनीवर ठेवली.

दांडा आणि सील मी स्वतः जाऊन आणलं. माझ्या महिन्याच्या भत्त्याचा चौथा हिस्साही लागला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

त्यानंतर तो पोरगा माझ्याशी नीट बोलला. मे 2022 मध्ये सरकारने तिथल्या चलनाची, क्वाचाची, किंमत 25 टक्क्यांनी उतरवली, तेव्हा सुगी नुकतीच झालेली आणि मका स्वस्त. समितीच्या बायकांनी विचार केला की डब्यातल्या पैशाची किंमत दर महिन्याला कमीच होणार, म्हणून त्यांनी सगळ्याचा मका घेतला. डिसेंबर-जानेवारीत तो गरजू घरांना उधार दिला, एप्रिलमध्ये थोडा वाढवून परत घ्यायचा या बोलीवर. वहीत सगळं लिहिलेलं होतं. वही माझ्यासमोर होती आणि मी ती उघडली नाही. माझ्या मावशीने बचत गटात हेच ज्वारीचं केलं असतं तर मी तिचं उदाहरण चार मेळाव्यांत सांगितलं असतं.

मग मी स्वतःशीच भांडते. पोरांना कॉलरा झाला असता तर? मका उधारीवर गेलेला, हापशाला लागेल तेव्हा रोख हातात नाही, ही त्या योजनेतली खोटच होती ना? होती. मग दांडा आणला तो चुकलं का? मला अजून सांगता येत नाही. पण डबा उघडायला लावला ते चुकलं, त्यात मला शंका नाही. त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच भीतीपोटी केल्या, त्यांना वेगळं कसं करायचं ते मला कळलेलं नाही. आणि ग्रामसभेत मला बसवणाऱ्यांच्या आवाजात मी त्या बाईशी बोलले, हेही मला फार उशिरा ऐकू आलं.

फेब्रुवारीपासून वर्गणी आटली. लोक म्हणायला लागले, अम्वेन्ये आहेत ना. अम्वेन्ये म्हणजे भारतीय, म्हणजे मी. नवीन खजिनदार नेमली, ती डबा घेऊन घरोघर फिरायची आणि जवळपास रिकामाच परत आणायची.

मे महिन्यात निघायच्या आदल्या दिवशी मी अमाईंच्या दारात गेले. तिथे दारावर थाप मारत नाहीत, "ओडी" म्हणायचं आणि आतून "ओडीनी" आलं की जायचं. मी म्हणलं. जरा वेळाने उत्तर आलं. तिने चटई टाकली. मका सोलत होती, मीही बसले सोलायला. माफीची वाक्यं मी चिचेवात पाठ करून गेले होते, ती मी म्हणलीही, तोडकीमोडकी. ती हो पण म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. मग तिने मला विचारलं, तुझ्या गावात हापसा कोण दुरुस्त करतं?

मी म्हणलं, दुरुस्तीवाले येतात, बाहेरून.

कधी येतात?

येतील तेव्हा.

तोपर्यंत पाणी?

मी म्हणलं, टँकर येतो. तिला टँकर म्हणजे काय ते कळेना, मग मी हातवारे करून सांगितलं, मोठी गाडी, पाण्याने भरलेली, सगळे कळशा घेऊन पळतात. तिने हातातलं कणीस खाली ठेवलं आणि विचारलं, आणि त्या गाडीचे पैसे तुमची समिती देते का?

नाही, मी म्हणलं, सरकार देतं.

तिने मान हलवली, कणीस परत उचललं, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत सोलत बसलो.